मोठ्या आवारातला पाचोळा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पानगळ सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. या वेळचे बहुतेक प्रश्न मोठ्या जागांबद्दलचे आहेत, म्हणजे एक-दोन एकरांच्या पुढच्या, जिथे खराटा घेऊन माणूस लावला तर तो दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत भरलेलं असतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं आटोपती घेतलीत.

प्रश्न: आमचं आवार चारेक एकरांचं आहे. त्यात दोन एकर लॉन, कडेने मोठी झाडं आणि मधून लांब गाडीरस्ता. आत्तापर्यंत माणसं लावून झाडून घ्यायचो, आता ते जमत नाही. दुकानदार म्हणतो सगळ्यात मोठा ब्लोअर घ्या, मुलगा म्हणतो ट्रॅक्टरमागे ओढायचा स्वीपर घेऊ, मला वाटतं पाला खेचून घेणारं व्हॅक्यूम मशीन बरं. एकच घ्यायचं तर कुठलं घेऊ?

तिघांचंही चुकत नाहीये, पण मशीनचं नाव घेण्याआधी एक ठरवा, हा पाला शेवटी जाणार कुठे? हे ठरलं नसेल तर कितीही भारी मशीन आणलं तरी ते पाला इथून उचलून तिथे ठेवणार आणि तिथून पुढे काय हा प्रश्न तुमच्या डोक्यावर तसाच राहणार.

एकदा कागदावर हिशोब मांडून बघा. दोन एकर म्हणजे साधारण ८,००० चौरस मीटर, त्यावर ५ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम दोन इंच सैल पाला पडलाय असं धरा, तर झाला ४०० घनमीटर पाला. छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ घनमीटर मावतो असं धरलं तर १३० च्या वर खेपा! आणि हे फक्त लॉनचं, तेही एका थराचं, झाडं काही एका दिवसात सगळी पानं टाकून मोकळी होत नाहीत. बहुतेक लोक हा आकडा काढतच नाहीत आणि थेट ट्रॉली केवढी घेऊ हे विचारायला येतात.

म्हणून माझं सांगणं असं की पान जितकं कमी अंतर हलवाल तितकं बरं. तुमच्या आवाराचे मनातल्या मनात तीन भाग करा. लॉनवरचा पाला लॉनवरच बारीक करून सोडून द्यायचा, उचलायचाच नाही. झाडांच्या ओळींजवळचा पाला ब्लोअरने त्याच झाडांखाली ढकलायचा, तिथे तो आच्छादन म्हणून राहील. मग राहिला गाडीरस्ता, पायऱ्या, गटारं, छपराच्या पन्हळी आणि इमारतीच्या भिंतीलगतचा पाला, तो मात्र गोळा करावाच लागतो कारण ओला झाला की पाय घसरतो आणि पाणी तुंबतं. आता परत हिशोब करा, उचलायचा पाला एकूण पाल्याचा एक छोटासा हिस्सा उरला.

या हिशोबाने तुमचं पहिलं मशीन म्हणजे मल्चिंगची पाती लावलेला बसून चालवायचा मोवर. गवत कापायला तुमच्याकडे तो आधीच असेल, मग फक्त मल्चिंग किट आणि पाती घ्यायची. मल्चिंगच्या पात्याला वळणदार धार असते आणि कापलेला पाला बाहेर फेकायचं तोंड झाकणाने बंद केलेलं असतं, त्यामुळे पान डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या टोपाच्या, आत फिरत राहतं आणि दोन-चारदा कापलं जाऊन चुरा होऊन खाली पडतं. पाला जाड असेल तर पहिल्या फेरीला मोवर उंच ठेवा, हळू चालवा, मग आडव्या दिशेने दुसरी फेरी मारा. झाल्यावर उभं राहून खाली बघा, चुऱ्यामधून गवताची पाती दिसली पाहिजेत. जिथे नुसता तपकिरी थर दिसतो, गवत दिसतच नाही, तिथे पाला जास्त झालाय, तेवढा भाग कडेला उडवा नाहीतर खालचं गवत उजेडाविना पिवळं पडतं. पाला साचू न देता दर आठवड्याला फेरी मारली तर ही वेळच येत नाही.

दुसरं मशीन ब्लोअर. कुठला ते पुढच्या उत्तरात.

मुलाने सुचवलेला स्वीपर वाईट नाही हां, त्याला स्वतःचं इंजिन नसतं, चाकं फिरली की गिअरवर ब्रश फिरतात आणि पाला मागच्या कापडी पोत्यात फेकतात, म्हणजे बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पण त्याला सपाट जमीन, कोरडा पाला आणि आखूड गवत लागतं, खडीवर तो खडी उचलतो, काटक्या ब्रशात अडकतात. ब्रशची टोकं गवताच्या शेंड्यांत अर्धा इंच बुडतील एवढंच खाली घ्यायचं, जास्त खाली घेतलं तर ब्रश झिजतात आणि ओढायलाही जड जातं.

व्हॅक्यूम मशीन घ्यायचं ते पाला आवाराबाहेर न्यावाच लागणार असेल तर. त्यातला पंखा पाला खेचतो आणि खेचता खेचता फोडतो, त्यामुळे ट्रॉलीत बराच जास्त मावतो. खोक्यावर दहा पोत्यांचं एक पोतं होतं असं लिहिलेलं असतं, ते कुरकुरीत कोरड्या पानाचं गणित आहे, ओल्या किंवा जाड चिवट पानाला तेवढं दाबलं जात नाही. चार पोत्यांचं एक झालं तरी खेपा चौपट कमी झाल्या की.

प्रश्न: ब्लोअरवर सीएफएम आणि ताशी मैल असे दोन आकडे असतात. एकात सीएफएम जास्त, दुसऱ्यात वेग जास्त. कुठला बघायचा?

सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते, आणि मैल म्हणजे ती हवा किती वेगाने पडते. वेग पान जमिनीपासून सोडवतो आणि हवेचा घनफळाचा आकडा ते सोडवलेलं पान पुढे वाहून नेतो. मोठ्या जागेत काम वाहून नेण्याचं असतं, म्हणून आधी सीएफएम बघा.

वेगाचा आकडा फुगवणं सोपं आहे, नळीचं तोंड बारीक केलं की हवा सुसाट सुटते, पण ती पट्टी हातभर रुंद, पुढे गेली की विरते. अशा ब्लोअरने पायरीच्या कोपऱ्यातला चिकटलेला पाला मस्त निघतो, अर्धा एकर साफ करायला घेतलं की दिवस जातो. पाठीवर घ्यायचे पेट्रोल ब्लोअर साधारण ५०० ते १,००० सीएफएमचे मिळतात, ताशी २०० मैलांच्या आसपास वेग. चाकांवर ढकलायचे याच्या दुप्पट-तिप्पट हवा देतात, वेग थोडा कमी असतो पण रुंद पट्टा एकदम सरकतो आणि पाठीवर वजन नाही.

काही कंपन्या आता न्यूटनमध्ये जोर लिहितात आणि तुलना करायला तो आकडा सगळ्यात प्रामाणिक, कारण त्यात हवा आणि वेग दोन्ही आले. एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाएवढा रेटा. हातातले ब्लोअर १० ते २० न्यूटनच्या घरात असतात, पाठीवरचे २० ते ४० आणि काही त्याच्याही वर. तुमचं आवार एक एकराच्या आत असेल तर हातातला चालेल, पुढे पाठीवरचा, आणि उघडं सपाट मैदान असेल तर चाकांवरचा घ्या. उतार, पायऱ्या, दाट झाडं असतील तर मात्र चाकांवरचा गॅरेजमध्येच पडून राहतो, हे घेताना कुणी सांगत नाही.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या मशीनला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारेही ब्लोअर येतात, ते पाच-दहा एकरांच्या मैदानांसाठी आणि लांब रस्त्यांसाठी. वाफे आणि झुडपं असलेल्या आवारात ते आणू नका, माती, खडी, लहान रोपं सगळं उडवतात.

प्रश्न: ब्लोअर चांगला आहे तरी काम उरकत नाही. पाला पुढे ढकलतो, अर्धा परत अंगावर येतो, मोठा ढीग झाला की हलतच नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न बघून बरं वाटलं, कारण मशीनचे आकडे सगळे विचारतात, ते चालवायची रीत कुणी विचारत नाही आणि खरा वेळ तिथेच वाचतो.

पहिलं म्हणजे वारा. काम सुरू करण्याआधी मूठभर पाला वर उडवून बघा तो कुठे जातो, त्याच दिशेने ढकलायचं. वाऱ्याच्या उलट दिशेने मोठा ब्लोअरही हरतो. वारा दिवसभरात फिरतो म्हणून सकाळी ठरवलेली दिशा दुपारी चालेलच असं नाही, आणि वारा जोरात असेल तर त्या दिवशी दुसरं काम काढा.

दुसरं म्हणजे वेळ. पहाटेच्या दवाने पान जड होतं आणि एकमेकांना चिकटतं, दोन-तीन तास ऊन पडू द्या, कोरडं पान निम्म्या ताकदीत सरकतं. बऱ्याच ठिकाणी माळ्यांना सकाळी सातलाच ब्लोअर लावायला सांगतात, मग ते बिचारे फुल रेसवर ओला पाला खरवडत बसतात, शेजारीही वैतागतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ढीग करूच नका, वरंबा करा. सगळा पाला मधोमध एका ढिगात आणायला गेलात की ढीग जसा वाढतो तसा तो हवेला अडवतो, हवा ढिगावर आपटून वर जाते आणि वरचा पाला उलटा तुमच्या डोक्यावर येतो. त्यापेक्षा आवाराच्या लांबीला धरून पाल्याची लांब रांग करा आणि ती रांग आडवी पुढे सरकवत न्या. रांगेची उंची गुडघ्याच्या खाली असेपर्यंत ती सरकते, त्याच्यावर गेली की तिथेच थांबा, तेवढा पाला ताडपत्रीवर घ्या किंवा मोवरने बारीक करा आणि पुढच्या पट्ट्यात नवी रांग सुरू करा.

आता हात कसा चालवायचा ते. नळीचं तोंड जमिनीपासून चार-सहा बोटं वर, जमिनीला जवळजवळ समांतर, म्हणजे हवा पाल्याच्या खाली शिरून त्याला उचलते. तोंड खाली रोखून धरलं की हवा जमिनीवर आपटून पाला चारी बाजूंना उडतो, धूळ वर येते, आणि काम दुप्पट होतं. मनगट डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत, अर्धगोल काढत चाला, आणि रांगेच्या टोकांकडे आधी बघा, टोकं मागे राहिली की रांग धनुष्यासारखी वाकते आणि मधला पाला बाजूने निसटतो. दोघं असाल तर एकमेकांच्या शेजारी चालू नका, एक दोन-तीन पावलं मागे आणि बाजूला राहून पहिल्याकडून सुटलेलं पुढे ढकलत चालला की रांग तुटत नाही. भिंत, कुंपण, झाडाचा बुंधा इथून सुरुवात करून मोकळ्या जागेकडे या, उलटं करू नका.

आणि सतत फुल रेस नको. वाफ्यांजवळ अर्ध्या रेसवर काम होतं, तिथे जोर लावला की आच्छादन आणि वरची चांगली माती दोन्ही उडून मुळं उघडी पडतात. उघड्या मातीवर तर ब्लोअर वापरूच नये असं मला मनापासून वाटतं, तिथे दाताळंच बरं.

प्रश्न: मोवरच्या मागे पोती लावून पाला गोळा करतो, पण दर पाच मिनिटांनी नळकांड्यात पाला अडकतो.

पाला ओला आहे किंवा तुम्ही जोरात चालवताय, बहुधा दोन्ही. इंजिन पूर्ण रेसवर आणि गाडी सगळ्यात हळू, हे लक्षात ठेवा, कारण पाला वर फेकणारी हवा पात्याच्या फिरण्यातून येते आणि रेस कमी केली की ती हवाच मरते. डेक एक खाच वर घ्या, डेकच्या आत चिकटलेला गवताचा लगदा खरवडून काढा, पात्याला धार आहे का बघा. एवढं करूनही अडकत असेल तर उद्या करा, पाला कुठे पळून जात नाही.

प्रश्न: आमचा माणूस व्हॅक्यूम मशीनमध्ये अडकलेला पाला हात घालून काढतो. सांगितलं तर म्हणतो रोजचंच आहे. हे खरंच एवढं धोक्याचं आहे का?

हो. आजच्या आज थांबवा.

इंजिन बंद केलं तरी आतला पंखा लगेच थांबत नाही, जड असतो, आपल्या वेगात काही सेकंद फिरत राहतो आणि आवाज बंद झालाय म्हणून माणूस हात घालतो. दुसरं म्हणजे अडकलेला पाला निघाला की पंखा झटक्यात फिरू शकतो. म्हणून इंजिन बंद, पंखा थांबलेला डोळ्यांनी बघायचा, मग स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची, बॅटरीचं असेल तर बॅटरीच बाहेर काढायची, आणि त्यानंतरही हात न घालता काठीने पाला काढायचा. माणसाला हे नुसतं सांगू नका, एकदा त्याच्यासमोर करून दाखवा आणि काठी मशीनलाच बांधून ठेवा. घाई असली की माणूस जे हाताशी असतं तेच वापरतो.

पीटीओवर चालणारं काही असेल तर त्याच्याबद्दलही सांगतो. पीटीओ ५४० आरपीएमवर फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सदऱ्याचं टोक, ओढणी, मफलर, लांब नाडी त्यात गुंतली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलेलं असेल तर नवीन बसेपर्यंत मशीन चालवू नका. फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जाणं तर अजिबात नाही.

कानांचंही बघा. दिवसभराच्या आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबलची मर्यादा धरतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सहज शंभरच्या आसपास जातो, मग दोन-दोन तास चालवणाऱ्या माणसाचं काय होत असेल विचार करा. कानाला मफ, डोळ्यांना गॉगल, धुळीत एन९५ मास्क, हे मालकाने घेऊन द्यायचं, कामगाराने आपलं आपण आणायचं नाही.

आणि आग. कोरडा पाला आणि तापलेला सायलेन्सर यांची गाठ पडू देऊ नका. बसून चालवायच्या मोवरमध्ये इंजिनभोवती, सायलेन्सरजवळ, डेकच्या वर पाल्याचा भुसा साचतो, दर तासाने थांबून तो साफ करा, हवेच्या जाळीवरचाही काढा नाहीतर इंजिन तापतं. पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या आणि पाल्यात उभं राहून भरू नका, मोकळ्या फरशीवर या. काम झाल्यावर गरम मशीन लगेच शेडमध्ये ढकलू नका.

प्रश्न: बॅटरीचा ब्लोअर मोठ्या जागेला पुरतो का? की पेट्रोलचाच घ्यावा?

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार करा, वॅट-अवर मिळतात. ५६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे २८० वॅट-अवर. ब्लोअर पूर्ण जोरावर हजार-अकराशे वॅट खात असेल तर ती बॅटरी पंधरा-सोळा मिनिटांत संपते. जाहिरातीत तासभर चालतो लिहिलेलं असतं तो तास सगळ्यात कमी स्पीडचा. तिकडे एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-अवर ऊर्जा असते, त्यातली बरीचशी उष्णतेत वाया गेली तरी उरलेली कित्येक बॅटऱ्यांएवढी भरते. त्यामुळे चार एकर एका दमात करायचे असतील तर बॅटरीवाल्याला तीन-चार जोडी बॅटऱ्या आणि फास्ट चार्जर लागणार, तो खर्च ब्लोअरच्या खर्चापेक्षा जास्त होऊ शकतो.

पण पेट्रोलचीही दुसरी बाजू आहे. टू-स्ट्रोक इंजिनात बरंचसं पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जातं, तो धूर चालवणाऱ्याच्या नाकाशी असतो, आणि आवाजाचं वर सांगितलंच. वॉशिंग्टन डीसीमध्ये २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी आहे, कॅलिफोर्नियात २०२४ पासून अशी नवीन छोटी पेट्रोल इंजिनं विकण्यावर निर्बंध आलेत, म्हणजे दिशा स्पष्ट आहे. माझं मत विचाराल तर इमारतीजवळचं, पायऱ्या-पोर्चचं रोजचं काम बॅटरीवर, आणि आठवड्यातून एकदाचं मोठं काम पेट्रोलवर, तेही शक्य असेल तर फोर-स्ट्रोकवर. ज्यांनी लॉनवरचा पाला मोवरने बारीक करायची सवय लावली त्यांचा ब्लोअरचा वेळ इतका कमी होतो की मग बॅटरी पुरते.

प्रश्न: बारीक केलेला पाला लॉनवर सोडला तर माती आंबट होते, गवत मरतं असं ऐकलंय. खरं का?

ताजं पान थोडं आम्लधर्मी असतं हे बरोबर, पण कुजताना तो परिणाम जवळपास निघून जातो, मातीचा सामू त्याने फारसा हलत नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने लॉनवर पाला बारीक करून तिथेच सोडण्याचे प्रयोग केलेत, त्यात गवताचं नुकसान दिसलं नाही, उलट डँडेलियनसारखं तण कमी झालं. गवत मरतं ते अख्ख्या पानांच्या ओल्या थराखाली, चुऱ्याखाली नाही. रोग पडलेली पानं, डाग-बुरशी असलेली, तेवढी मात्र वेगळी काढा.

प्रश्न: गोळा केलेला पाला जाळून टाकला तर एका तासात काम होतं. त्यात एवढं वाईट काय? दुसरं करायचं तरी काय?

तासात काम होतं हे खरं, पण ओलसर पाला धुमसतो, त्याच्या धुरातले बारीक कण खोल फुप्फुसात जातात, दम्याच्या माणसाला त्या धुराचा त्रास तुमचं आवार ओलांडून पलीकडेही होतो. ठिणगी उडाली तर कुठे जाईल सांगता येत नाही. बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही मनाई आहे. जाळू नका.

दुसरं करायचं ते असं. तुमच्याकडे मशीनने फोडलेला पाला आहे ही मोठी जमेची बाजू, कारण अख्खी पानं एकावर एक चिकटून बसतात आणि आत हवा जात नाही, चुऱ्याचं तसं होत नाही. कोरड्या पानात कार्बन फार आणि नायट्रोजन कमी, प्रमाण ४० ते ८० ला एक असं काहीतरी, आणि ढीग तापायला पंचवीस-तीसला एक लागतं. मग नायट्रोजन बाहेरून द्यायचा, ताजं कापलेलं गवत, शेण, हिरवी पानं, थोडा युरियाही चालतो. पाल्याचे दोन-तीन भाग आणि हिरव्याचा एक भाग असे थर द्या, ढीग कमीतकमी मीटरभर लांब-रुंद-उंच असू दे नाहीतर तो आतून तापत नाही. ओल किती हवी ते हाताने कळतं, मूठभर घेऊन पिळला की एखाद-दोन थेंब यावेत, धार लागली तर पाणी जास्त. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं की ढीग चालू झाला, खाली यायला लागलं की उलटा करा. मोठ्या आवारात हे उलटं करणं ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटने पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून खताची जागा ठरवताना ट्रॅक्टर वळेल एवढी मोकळीक ठेवा, कोपऱ्यात कोंबू नका.

एवढं करायला माणूसबळ नसेल तर दुसरा मार्ग, पाल्याचा नुसता ढीग ओला करून ठेवून द्या. बुरशी हळूहळू त्याचं काम करते, वर्ष-दोन वर्षांत काळी भुसभुशीत पानमाती तयार होते. खत म्हणून ती ताकदीची नाही, पण पाणी धरून ठेवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, वाफ्यांत घाला, बघा फरक.

झाडांखाली आच्छादन करताना थर दोन-चार इंचांचा पुरे, आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, बुंध्याला पाला टेकून राहिला की साल कुजते. जुन्या ढिगात हात घालण्याआधी दाताळ्याने ढवळून घ्या, साप-विंचवांना आणि कित्येक छोट्या प्राण्यांना अशी ऊबदार जागा आवडते.

प्रश्न: मशीन वर्षातले दोन-अडीच महिनेच लागतं. विकत घ्यावं की भाड्याने? आणि घेतलं तर बाकीचे महिने कसं ठेवायचं?

व्हॅक्यूम मशीन, पीटीओचा ब्लोअर, चाकांवरचा मोठा ब्लोअर भाड्याने घ्या, किंवा शेजारच्या दोन-तीन आवारांनी मिळून एक घ्या. मल्चिंग किट आणि पाठीवरचा ब्लोअर स्वतःचा असू दे, ते वरचेवर लागतात.

ठेवताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे टाकीत राहिलेलं पेट्रोल. ते महिन्या-दोन महिन्यांत शिळं व्हायला लागतं, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो आणि पुढच्या पानगळीला दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपतं. टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळताना आपल्या मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं प्रमाण बघा, ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिली तेल, अंदाजाने ओतू नका, कमी पडलं तर पिस्टन जातो. एका वेळी महिनाभर पुरेल एवढंच मिश्रण करा आणि डब्यावर तारीख टाका. एअर फिल्टर काढून झटका, फारच काळा असेल तर बदला. प्लग काढून बघा, मोवरचं पातं उतरवून धार लावून घ्या आणि डेक आतून खरवडून कोरडा करा, कारण ओला पाला चिकटलेला राहिला तर पत्रा तिथूनच गंजतो. बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा.